दुसरा नवस कोणी बोलला होता?

अग्रलेख म्हटला की त्यात पाणीपट्टी असावी, कचरा असावा, महापालिकेच्या अंदाजपत्रकाची चिरफाड असावी, अशी आमच्या वाचकांची अपेक्षा असते आणि ती पुरी करण्यात आम्ही आजवर कसूर केलेली नाही. तेव्हा आज पहिल्या पानावर एका विनोदी मराठी चित्रपटाच्या दुसऱ्या भागाविषयी लिहिलेले पाहून कित्येकांच्या भुवया वर चढतील. चढू देत! ज्या प्रश्नावरून ताथवड्याच्या चहाच्या टपरीवर एकाच कारखान्यातली, एकाच पाळीची दोन माणसे एकमेकांवर हमरीतुमरीला येतात, तो प्रश्न आम्ही क्षुल्लक मानीत नाही.

प्रश्न असा. सचिन पिळगांवकर यांनी २००४ साली ‘नवरा माझा नवसाचा’ काढला आणि महाराष्ट्राने तो डोक्यावर घेतला. वीस वर्षांनी, २० सप्टेंबर २०२४ रोजी, त्यांनीच त्याचा दुसरा भाग पडद्यावर आणला. तो लागला, चालला आणि गेला. परंतु ‘तो काढायला हवा होता की नको होता’ हा वाद मात्र अद्याप गेलेला नाही. कोणत्याही जुन्या चित्रपटाचा पुढचा भाग येणार अशी कुणकुण लागली की हे निखारे पुन्हा फुलतात. मागल्या रविवारी ताथवड्याच्या भुयारी मार्गाजवळ चहा घेत असताना ते फुललेले आम्ही आमच्या कानांनी ऐकले.

एक बाजू होती लातूरकडच्या एका प्रौढ फिटरची. गेली पंचवीस-तीस वर्षे ते ह्या औद्योगिक पट्ट्यात घाम गाळीत आहेत. दुसरी बाजू होती चाकणला कंत्राटावर काम करणाऱ्या, चिपळूणकडच्या एका तरुणाची. ‘मामा, तुम्हांला जुनं तेच सोनं वाटतं. आम्ही घरची सगळी माणसं घेऊन गेलो आणि पोट धरून हसलो,’ असे तरुण म्हणत होता. ‘अरे बाबा, हसलास ते पहिल्या भागाच्या आठवणीनं हसलास. दुसऱ्यात काय होतं ते सांग की!’ असे मामा म्हणत होते. हिंजवडीच्या एका संगणक कंपनीत काम करणारी एक मुलगी मध्येच म्हणाली, ‘मला पहिलाही फारसा आवडला नव्हता.’ त्याबरोबर आतापर्यंत भांडणारे दोघेही एक होऊन तिच्यावर तुटून पडले! प्रेक्षकांच्या प्रेमाची जात ही अशी असते. घरातले भांडण घरात, पण बाहेरच्याने बोट दाखविले की सारे घर एक!

ह्या प्रेमाचे मूळ कशात आहे हे समजल्यावाचून रागाचे मूळ समजावयाचे नाही.

पहिल्या चित्रपटाची गोष्ट काय होती? वक्रतुंड आणि भक्ती हे मुंबईचे जोडपे. वक्रतुंडाच्या आईबापांनी गणपतीपुळ्याच्या गजाननाला नवस बोललेला, की मुलगा झाला तर त्याला उघडानागडा तुझ्या दर्शनाला आणू. मुलगा झाला, वाढला, त्याचे लग्नही झाले, पण नवस तसाच राहिला. आता तो फेडावयाचा कसा? भरल्या वयाच्या गृहस्थाने अंगावर वस्त्र न ठेवता देवळात जावयाचे कसे? एवढ्या एका खुंटीवर सारा चित्रपट टांगलेला होता. खुंटी अस्सल मराठी होती. नवस बोलायला उतावीळ आणि फेडायला चालढकल करणारा नाही, असा कोणी ह्या महाराष्ट्रात असेल तर त्याने पुढे यावे! कथेची चौकट मात्र परक्या घरची होती, हे मान्य केले पाहिजे. बसमधून निघालेल्या उतारूंची ही कल्पना १९६६ सालच्या ‘मद्रास टु पाँडिचेरी’ ह्या तमिळ चित्रपटातली. तिच्यावरून १९७२ साली हिंदीत ‘बॉम्बे टु गोवा’ निघाला आणि त्याच वाटेने सचिनची गाडी गणपतीपुळ्याला गेली. पुढे २००७ साली सचिननीच ती ‘एकदंत’ ह्या नावाने कन्नडातही नेली. म्हणजे चार भाषांचे पाणी प्यालेली ही गाडी. तरी ती आमच्या माणसाला परकी वाटली नाही, ह्याचे श्रेय एका गोष्टीला द्यावे लागेल, आणि ती गोष्ट म्हणजे एस. टी.

एस. टी. म्हणजे काय, हे मोटारवाल्यांना समजावयाचे नाही. १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर ह्यांच्या दरम्यान पहिली एस. टी. धावली, तेव्हापासून ह्या राज्यातले जन्म, मरण, लग्न, बदली, परीक्षा आणि कोर्टाची तारीख ही सारी तिच्या खिडकीतून पाहिली गेली आहेत. ताथवडे, वाकड, पुनावळे, थेरगाव ह्या भागांत आज जी माणसे भाड्याच्या खोल्यांतून आणि सदनिकांतून राहतात, त्यांतली निम्मीअधिक मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून, कोकणातून पोट भरावयास आलेली आहेत. ती गावाहून आली ती बहुधा लाल गाडीतून, आणि दिवाळीला गावी निघाली की वल्लभनगरच्या आगारात पोरेबाळे आणि पिशव्या सांभाळीत उभी राहतात. ह्या माणसांनी पडद्यावर कंडक्टरच्या पोशाखातले अशोक सराफ पाहिले. तो खाकी डगला, ती गळ्यातली पिशवी, ती उतारूंवर एकाच वेळी चिडण्याची आणि माया करण्याची तऱ्हा! आपल्या गावच्या गाडीतला कंडक्टरच जणू पडद्यावर चढला आहे असे त्यांना वाटले, आणि तिथेच तो चित्रपट त्यांच्या घरचा झाला.

शिवाय बस ही विनोदाला मोठी उपकारक जागा आहे. तिच्यात एकच दार, एकच वाट आणि एकच घंटीची दोरी. सधन आणि निर्धन, भाविक आणि लफंगा, नवविवाहित आणि पेन्शनर हे सारे आठ-दहा तास एकमेकांच्या गुडघ्यांना गुडघे लावून बसलेले असतात. कोणाला कोणापासून पळता येत नाही. पुढच्या बाकावर शिंकलेले मागच्या बाकावर ऐकू जाते. नाटककाराला रंगभूमीवर जी एक खोली लागते ती येथे चाकांवर फुकट मिळते. कोकण रेल्वे त्या वेळी नव्हती असे नाही. १९९८ च्या जानेवारीतच ती पूर्ण मार्गावर सुरू झालेली होती. तरीही २००४ साली सचिननी आपल्या माणसांना एस. टी.त बसविले, ही त्यांची शहाणी निवड होती असे आमचे मत आहे.

दुसऱ्या भागात त्यांनी तीच माणसे आगगाडीत बसविली. आणि आमच्या मते सारी गोम येथे आहे.

आगगाडीला डबे असतात. डब्यांना वर्ग असतात. वर्गांना पडदे असतात आणि पडद्यांआड आपापल्या कानांत आपापले गाणे घालून बसलेली माणसे असतात. एक उतारू ह्या डब्यात, दुसरा त्या डब्यात, त्यांना एकत्र आणावयाचे तर लेखकाला त्यांना ओढूनताणून चालवीत न्यावे लागते. पहिल्या भागातला कंडक्टर अशोक सराफ येथे बढती मिळून टी. सी. झालेले आहेत, आणि वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षीही त्यांच्या नुसत्या भुवईच्या हालचालीवर प्रेक्षागृह हसते, हे आम्ही स्वतः पाहिले. परंतु टी. सी. येतो, तपासतो आणि जातो. कंडक्टर हा आठ तासांच्या संसारातला कर्ता पुरुष असतो. ह्या दोन नोकऱ्यांतला हा फरक दुसऱ्या भागाच्या कर्त्यांनी पुरता ओळखला नाही. मामांना जे टोचत होते ते बहुधा हेच, फक्त त्यांना ते असे मांडता येत नव्हते. ‘मजा नाही आली’ एवढेच ते म्हणत होते. प्रेक्षकाने एवढेच म्हणावयाचे असते. का नाही आली हे शोधणे हे आमच्यासारख्या शाई खर्चणाऱ्यांचे काम आहे.

ह्याचा अर्थ तो तरुण खोटे बोलत होता असा नाही. तो, त्याची बायको, आई, बहीण आणि दोन भाचरे असे सहाजण चित्रपटाला गेले. गेले ते पहिल्याच दिवशी, कारण २० सप्टेंबर २०२४ हा देशभरच्या बहुपडदा चित्रपटगृहांनी ‘राष्ट्रीय चित्रपट दिन’ म्हणून पाळला आणि त्या दिवशी तिकीट अवघे ९९ रुपये होते. गणपती विसर्जन होऊन तीनच दिवस झाले होते. अंगावरचा गुलाल अजून पुरता उतरला नव्हता. अशा वेळी घरची सारी माणसे रांगेने बसली आहेत, पडद्यावर गणपतीपुळ्याची वाट आहे, आणि आईला ‘हा बघ, तोच तो कंडक्टर’ असे सांगता येत आहे. त्या हसण्याला ‘आठवणीचे हसणे’ म्हणून हिणविण्याचा मामांना काय अधिकार? आठवणीने हसणे हे हसणे नव्हे काय? आम्ही म्हणतो, आहे. पण त्यावर चित्रपट उभा राहत नाही, एवढेच आमचे म्हणणे.

येथे एक हिशेब मांडला पाहिजे, आणि तो कोणी मांडीत नाही. पहिला चित्रपट आपल्यापैकी किती जणांनी तिकीट काढून पाहिला? टपरीवरच्या तिघांपैकी एकानेही नाही! मामांनी तो गावी दूरदर्शन संचावर पाहिला, तरुणाने शाळेत असताना सुट्टीत पाहिला, त्या मुलीने वसतिगृहात कोणाच्या तरी मोबाइलवर अर्धा पाहिला. वर्षानुवर्षे, सणासुदीला, रविवारी दुपारी, जेवणानंतरच्या सुस्तीत हा चित्रपट घराघरांत लागत राहिला. त्यातले संवाद पोरांना पाठ झाले. हे प्रेम खरे आहे, पण ते फुकट मिळालेले प्रेम आहे. दुसरा भाग काढणारा निर्माता वस्तुतः वीस वर्षांपूर्वीच्या त्या न काढलेल्या तिकिटाचे पैसे वसूल करावयास निघालेला असतो. ह्यात आम्हांला काही पाप दिसत नाही. सावकारापेक्षा तो बरा, व्याज तरी मागत नाही. मात्र वसुलीला आलेल्या माणसाने आपल्याबरोबर काही नवा माल आणावा, नुसती जुनी पावती दाखवू नये, एवढी अपेक्षा ऋणकोने ठेवली तर ती अवाजवी म्हणता येईल काय?

कलाकृतीला दुसरा भाग असूच नये असे म्हणणारे एक सोवळे मंडळ आहे. त्यांच्याशी आमचे मुळीच जमत नाही. सर्व्हांतेसने ‘डॉन किखोते’चा पहिला भाग १६०५ साली काढला. तो इतका गाजला की १६१४ साली भलत्याच कोणी आव्हेयानेदा नावाच्या इसमाने त्याचा खोटा दुसरा भाग छापून बाजारात आणला! संतापलेल्या सर्व्हांतेसने १६१५ साली आपला खरा दुसरा भाग दिला, आणि जाणत्यांचे मत असे आहे की तो पहिल्याहून सरस आहे. का सरस? तर त्यातल्या माणसांनी पहिला भाग वाचलेला आहे. आपला वेडा सरदार जेथे जाईल तेथे लोक त्याला ओळखतात, त्याची थट्टा करण्यासाठी सज्ज असतात. म्हणजे लेखकाने कीर्तीलाच कथेत ओढून आणले. शेरलॉक होम्सचे तर सर्वांना ठाऊक आहे. १८९३ साली कॉनन डॉइलने त्याला कड्यावरून ढकलले, वाचकांनी मासिकाची वर्गणी बंद केली, आणि दहा वर्षांनी त्या गृहस्थाला मेलेला नायक जिवंत करावा लागला. आमच्याकडे बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार पुस्तकामागून पुस्तकात येत राहिला. वाचनालयाच्या दारात उभे राहून त्याची वाट पाहणाऱ्या वाचकांनी ‘पुन्हा का आलास?’ असे त्याला कधी विचारले नाही.

मग चित्रपटालाच का विचारतात? कारण कागदावरचा नायक म्हातारा होत नाही. झुंजारच्या दाढीचा एक केस पिकला नाही. पडद्यावरच्या माणसाला मात्र काळ लागतो, आणि तो प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत लागतो. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’चे उदाहरण घ्या. १९९३ साली त्यातल्या तात्या विंचूने, रामदास पाध्ये यांच्या त्या बाहुल्याने, एका अख्ख्या पिढीची झोप उडविली. २०१३ साली दुसरा भाग आला, तोही त्रिमिती तंत्राने सजून. बाहुला तसाच होता, लाकडाला काय होते? पण ज्या लक्ष्याला तो झपाटावयाचा तो लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजीच हे जग सोडून गेलेला होता. चित्रपटगृहात चष्मे लावून बसलेल्या प्रेक्षकांना पडद्यातून बाहेर झेपावणारा बाहुला दिसत होता आणि न दिसणारा लक्ष्या त्याहून अधिक दिसत होता. त्याला दिग्दर्शक काय करणार? ‘नवसाचा’च्या पहिल्या भागातले प्रदीप पटवर्धन २०२२ मध्ये गेले. अतुल परचुरे दुसरा भाग लागल्यावर महिना उलटण्यापूर्वीच गेले. प्रेक्षक जेव्हा म्हणतो की ‘पहिल्यासारखे राहिले नाही’, तेव्हा तो पुष्कळदा चित्रपटाविषयी बोलतच नसतो.

म्हणून आम्हांला वाटते की जे कर्ते वय लपवीत नाहीत ते तरून जातात. सतीश राजवाडे यांच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’ने हे बऱ्याच अंशी साधले. २०१० साली पुण्याच्या रस्त्यांवर एक मुलगा आणि एक मुलगी दिवसभर भांडत हिंडली, त्यांना नावेसुद्धा नव्हती. २०१५ साली त्यांच्या लग्नाची धांदल आली, २०१८ साली पाळण्याची. स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे ह्यांचे वय वाढले तसे गोष्टीचेही वाढले. पहिल्याची जादू पुढच्या दोहोंत नव्हती हे आम्हीही म्हणतो. अनोळखी माणसांचे भांडण आणि ओळखीच्यांचे भांडण ह्यांत अंतर राहणारच. परंतु प्रेक्षकाला फसविल्यासारखे वाटले नाही. रंगभूमीवर ‘एका लग्नाची गोष्ट’ १९९८ साली आली आणि वीस वर्षांनी प्रशांत दामले व कविता लाड हीच जोडी ‘पुढची गोष्ट’ घेऊन उभी राहिली, तेव्हा वीस वर्षांचा संसार हाच नाटकाचा विषय झाला. उलट ‘दे धक्का’चे पाहा. २००८ साली जे कुटुंब टमटममधून धक्के खात निघाले होते ते २०२२ साली थेट लंडनला जाऊन पोहोचले! आता लंडनला टमटमला धक्का कोण देणार? ज्या दारिद्र्याने त्या माणसांना गोड केले होते तेच काढून घेतल्यावर राहिले काय? शिळ्या कढीला ऊत म्हणतात तो हाच.

परंतु आज आम्ही लेखणी उचलली ती केवळ रसचर्चेसाठी नव्हे. वादाला अलीकडे एक वाईट वळण लागले आहे. दुसरा भाग आवडला नाही असे कोणी म्हणाले की लगेच त्याला विचारण्यात येते, ‘मराठी असून मराठी चित्रपटाला नावे ठेवतोस?’ टपरीवर तरुणाने मामांना अखेर हेच विचारले. मामा गप्प बसले. त्यांचे ते गप्प बसणे आम्हांला सहन झाले नाही.

मराठी चित्रपटाला पडदा मिळत नाही, हे दुखणे जुने आहे आणि खरे आहे. १९७१ साली दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’ला दादरच्या चित्रपटगृहात जागा मिळावी म्हणून माणसांना रस्त्यावर यावे लागले होते. २०१५ साली सरकारला बहुपडदा चित्रपटगृहांनी मराठी चित्रपट मोक्याच्या वेळी दाखवावेत असे फर्मान काढावे लागले, आणि त्यावर केवढा गदारोळ झाला तो वाचक विसरले नसतील. आजही मोठा हिंदी किंवा दाक्षिणात्य चित्रपट आला की मराठीचे खेळ सकाळी नऊला आणि दुपारी तीनला जाऊन बसतात. त्या वेळेला ह्या पट्ट्यातला कामगार पहिल्या पाळीत यंत्रावर उभा असतो. ह्याविरुद्ध आम्ही लिहिले आहे आणि यापुढेही लिहू. पण ह्या रास्त तक्रारीची ढाल करून कोणी सुमार माल खपवू लागला तर आम्ही ती ढाल हिसकावून घेऊ! भाषेचा अभिमान म्हणजे तिकीट-खिडकीवरचा जकातनाका नव्हे.

मामांचा खर्च कोणी मोजला आहे काय? ते ९९ रुपयांच्या दिवशी गेले नव्हते, त्या दिवशी त्यांची दुसरी पाळी होती. ते गेले पुढच्या रविवारी, चौघांना घेऊन, वाकडला २०२३ साली उघडलेल्या त्या अवाढव्य मॉलमध्ये. रिक्षा, पूर्ण दराची चार तिकिटे आणि मध्यंतरात धाकट्याने हट्ट केला म्हणून मक्याच्या लाह्यांचा तो कागदी डबा, ज्याच्या किमतीत गावी आठवड्याची भाजी येते. आठवड्यातला एकुलता एक सुट्टीचा दिवस गेला तो निराळाच. इतके मोजून आलेल्या माणसाला ‘मजा नाही आली’ हे तीन शब्द बोलण्याची मुभा नसेल, तर ती कोणाला आहे? प्रमाणपत्रे वाटणाऱ्या फुकट पासवाल्यांना? तोच मामा उद्या चांगल्या मराठी चित्रपटाला पुन्हा चौघांना घेऊन जाईल, पण त्याने एकदा तोंड मिटले की पायही घराबाहेर काढावयाचा नाही. मराठी चित्रपटाला धोका आहे तो ह्या मिटलेल्या तोंडाचा.

आणि दुसऱ्या बाजूलाही आमचे दोन शब्द आहेत. चित्रपट न पाहताच, पहिल्या जाहिरातीवरूनच ‘भंगार’ म्हणून मोकळे होणारे जे वीर हल्ली गल्लोगल्ली निपजले आहेत, त्यांना मामांच्या पंगतीला बसता येणार नाही. मामांनी तिकीट काढले होते. त्यांची निंदा हक्काची आहे.

ताथवड्याच्या लोकांना दुसऱ्या भागाचे हे दुखणे इतके झोंबते ह्याचे आम्हांला नवल वाटत नाही, कारण ते स्वतः एका दुसऱ्या भागात राहत आहेत. नृसिंहाच्या देवळाभोवतीचे हे गाव २००९ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. तोवर ग्रामपंचायत होती, ज्वारी-बाजरीची शेते होती. आता महामार्गाच्या दोन्ही अंगांना महाविद्यालये आणि वीस-वीस मजली इमारती उभ्या आहेत. जुने ग्रामस्थ म्हणतात, पहिल्यासारखे राहिले नाही. नवे रहिवासी म्हणतात, आम्हांला तर हेच आवडते, फक्त पाणी येऊ द्या. दोघेही खरे बोलतात. सरकारच्या पशुसंवर्धन खात्याचे वळूमाता प्रक्षेत्र मात्र ह्या सगळ्या गदारोळात अजून तेथेच आहे. उत्तम वंशाची पुढची पिढी कशी निपजवावी ह्याचे शास्त्र तेथे जाणतात. चित्रपट-निर्मात्यांनी एखादी चक्कर तिकडे टाकण्यास हरकत नाही. नुसत्या बापाच्या नावावर वासरू पसंत करीत नाहीत, एवढे तरी त्यांच्या कानांवर पडेल.

‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ साली आली. तीही सचिन यांचीच. तिचा दुसरा भाग निघालेला नाही. तो निघावा काय, असे आम्ही टपरीवरच्या मंडळींना मुद्दाम विचारले. मामा म्हणाले, हात लावू नये. तरुण क्षणभर घुटमळला आणि तोही म्हणाला, हात लावू नये. त्या मुलीने ह्या वेळी बोलण्याचे टाळले.

चहाचे पैसे तरुणाने दिले. मामांना वल्लभनगरला जाऊन गावाकडची रात्रीची गाडी धरावयाची होती, तेव्हा तो त्यांना दुचाकीवरून सोडावयास निघाला. ‘माझ्या आईनं दुसरा भाग अजून पाहिलेला नाही,’ मामा मागे बसता बसता म्हणाले. ‘टी. व्ही.वर लागला की बघेल. तिच्याबरोबर मीही बघीन पुन्हा.’

‘मग परत आल्यावर सांगा, आवडला का ते,’ असे म्हणून तरुणाने गाडीला किक मारली.